तांबड्या बैलाची रपट

आमच्या ठाण्याला सात पायऱ्या होत्या. मोजायला सात, चढायला सत्तर. बांधणाऱ्या गवंड्याला कुणीतरी सांगितलं असावं की इथं हत्ती फिर्याद घेऊन येणार आहेत. एकेक पायरी एवढी उंच की खालून निघालेल्या माणसाची तक्रार वर पोचेपर्यंत निम्मी सांडायची. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या तिसऱ्या पायरीवर टेकायच्या आणि तिथंच चोराला माफ करून टाकायच्या. एका आजीबाईनं माझ्या देखत हात जोडून म्हटलं, "नेली तर नेली कोंबडी, त्याच्या लेकरांना लाभो," आणि पदर झटकून ती माघारी गेली. आमच्या हद्दीत गुन्हे फार कमी म्हणून वरून शाबासकी यायची. ती खरं तर त्या गवंड्याला द्यायला हवी होती.

ठाणं कुठलं ते सांगत नाही. कळमनुरीच्या वाटेवर होतं, एवढं पुरे. राज्य निजामाचं. ठाण्याचा मुख्य म्हणजे अमीन, त्याच्या हाताखाली जमादार, जमादाराच्या हाताखाली जवान आणि सगळ्यांच्या हाताखाली मी, मुन्शी. शेतकऱ्याचा मुलगा, पण शाळेत छड्या खाऊन उर्दू शिकलो होतो, म्हणून नांगराऐवजी हातात बोरू आला. माझं अक्षर इतकं देखणं होतं की ज्यांच्या घरी चोरी झाली त्यांनीही रपट, म्हणजे फिर्यादीचा कागद, बघून 'वा' म्हणावं. ते म्हणायचेही. वाचता कुणालाच येत नव्हतं, त्यामुळं बघण्यापलीकडं त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं. ही गोष्ट नीट समजायला मला एक बैल लागला.

माझं काम असं. समोरचा माणूस बोलणार, मी रोजनाम्यात लिहिणार. रोजनाम्याच्या पानावर खाने आखलेले असत: कोण, वय किती, काय गेलं, कुठून गेलं, रंग कोणता, किंमत काय. एकही खाना रिकामा ठेवायचा नाही, हा पहिला नियम. रिकामा राहिला की कागद वरून परत यायचा आणि येताना अमीनसाहेबांसाठी चार शब्द घेऊन यायचा. ते चार शब्द माझ्यापर्यंत पोचेपर्यंत चाळीस व्हायचे. म्हणून मी रिकाम्या जागा भरायला शिकलो. आपलं वय कुणाला ठाऊक असतं? मी सगळ्यांना चाळीस लिहायचो. माझ्या रोजनाम्याप्रमाणं पंचक्रोशीतली झाडून सगळी माणसं चाळीस वर्षांची होती. बापही चाळीस, लेकही चाळीस.

भाषेचं तर विचारूच नका. तांड्यावरची बाई तिच्या गोरमाटी बोलीत सांगायची, मी ते मराठीत ऐकायचो आणि उर्दूत लिहायचो. तीन ओढे ओलांडताना निघालेली म्हैस पलीकडं कधी कधी शेळी होऊन उतरायची. लिहून झालं की फिर्याद्याला वाचून दाखवायची, हा दुसरा नियम. मी दाखवायचो. उर्दूतून, आणि लग्नघटिका टळायला आल्यावर भटजी मंगलाष्टकं पळवतो तशी. शेवटी म्हणायचं, "बराबर?" समोरचा म्हणायचा, "जी." मग डाव्या हाताचा अंगठा. किती अंगठे मी असे शाईत बुडवले असतील! त्यातला एकही माणूस मला कधी म्हणाला नाही की मुन्शीसाहेब, पुन्हा वाचा, समजलं नाही. मला वाटायचं, माझ्यावर विश्वास किती!

तिसरा नियम जमादाराचा: एका फिर्यादीमागं एकच माणूस वर. त्यातही तथ्य होतं. आमच्याकडं कुणाची चप्पल हरवली तरी दीर, मेहुणा, सोयरे, साक्षीदार आणि नुसते बघायला आलेले असा अर्धा गाव ठाण्यावर यायचा. म्हणून पायऱ्यांच्या तळाशी लाठी घेऊन एक जवान उभा असे. तो एकाला वर सोडी आणि बाकीच्यांना कडुलिंबाखाली बसवी.

दिवाळी होऊन महिना झाला असेल. सकाळच्या उन्हात मी पानं आखत बसलो होतो. खालून जवानाचा आवाज आला, "बाई, तुमी न्हाई. एकच."

बाई म्हणाली, "अवो दादा, त्यांना दिसत न्हाई."

"दिसत न्हाई तर काय झालं? हात धरून पोचवतो मी."

मग एका पुरुषाचा आवाज. शांत, जरा हसरा. "हात ऱ्हाऊ द्या जवानसाहेब. किती पायऱ्या हायत तेवढं सांगा."

"सात."

आणि तो माणूस त्या हत्तीच्या पायऱ्या अशा चढून आला की जणू रोज सकाळी इथं चहा प्यायला येतो. एकदाही पाय चुकला नाही. सातव्या पायरीवर थांबला, उंबऱ्याला हात लावला आणि माझ्या बोरूची कुरकुर ऐकून बरोबर माझ्याकडं तोंड केलं.

त्याला सगळे मोटकरी म्हणत. लहानपणी देवी आल्या, त्यात डोळे गेले. कयाधू नदीच्या काठाला त्याची विहीर होती, विहिरीखाली हळदीचे वाफे. मोट आता कुणी बघितलेली नसेल, म्हणून सांगतो. चामड्याची मोठी पखाल दोराला बांधून विहिरीत सोडायची आणि तो दोर बैलजोडीनं ओढायचा. विहिरीपासून खाली उतरत जाणारी वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली चालत गेले की मोट वर येते आणि पाणी ओतते. मग बैलांनी वळायचं नाही. तोंड तिकडंच ठेवून, त्याच वाटेनं उलट्या पावली वर यायचं. दिवसभर हेच. गाडीचा बैल जीव गेला तरी उलटा चढत नाही. मोटेचा बैल चढतो, पण तोही आपल्या माणसाच्या हाकेवर. ह्या माणसानं डोळ्यांशिवाय वीस वर्षं मोट हाकली होती. तो धावेवर पावलं मोजायचा, बायको खाली वाफ्यांची दारं धरायची. त्याची हळद इतकी पिवळी व्हायची की तिच्या उजेडात शेजारचे लोक जेवायला बसत, असं मी सांगायचो. अर्धं खोटं असेल. अर्धं मात्र मी खाल्लेलं आहे.

"काय गेलं, मामा?" मी विचारलं.

"बैल. जोडीतला उजवा. परवा सांच्याला धावंच्या कडंला बांधला व्हता. दुसऱ्याला पानी पाजून येतो तर दावं तुटलेलं. तुटलेलं न्हाई, कापलेलं. टोकाला हात लावला की समजतं."

"खूण काही?"

"लई हायत. डाव्या शिंगाच्या बुडाला चिंचोक्याएवढा खड्डा हाय. उजव्या कानाला खाच. जू लागून खांद्याला घट्टा पडलाय, हाताच्या पंजाएवढा. मागं येताना उजवा पाय जरासा घासत टाकतो. अन् श्वास सोडताना..."

तो सांगत राहिला. मी मान हलवत राहिलो. त्याला मान दिसत नव्हती, आणि मी लिहीतही नव्हतो. शिंगाच्या खड्ड्याला रोजनाम्यात खाना नव्हता. पाय घासण्याला नव्हता. श्वासाला तर नव्हताच. मी वय लिहिलं (मोटकऱ्याचं, चाळीस), 'बैल, एक' लिहिलं, कुठून गेला ते लिहिलं आणि पुढच्या खान्यावर येऊन थांबलो. रंग.

मी त्याच्या डोळ्यांकडं बघितलं. आता आंधळ्या माणसाला रंग काय विचारायचा? बिचाऱ्याचा जीव कशाला दुखवा? असं मनात आलं आणि मला माझं फार कौतुक वाटलं. इतकं मऊ काळीज असलेला मुन्शी सगळ्या निजामशाहीत शोधून सापडणार नाही, असं वाटलं. पण खाना तर रिकामा ठेवता येत नव्हता. आदल्या दिवशी दोन बैलांच्या रपटा लिहिल्या होत्या, दोन्ही पांढरे. बोरूला सवय झाली होती. मी लिहिलं, सफेद.

मग नेहमीसारखं वाचून दाखवलं. त्यानं कान पुढं केला, कपाळाला आठी घातली. इतक्या सावकाश ऐकणारा माणूस आणि इतक्या घाईनं वाचणारा माणूस त्या ठाण्यावर पूर्वी समोरासमोर आले नसतील.

"बराबर?"

तो लगेच 'जी' म्हणाला नाही. म्हणाला, "माझं समदं लिवलं न्हवं?"

"समदं."

"मंग बराबर."

आणि त्यानं अंगठा पुढं केला.

पाच-सहा दिवसांनी जमादारानं जवळा बाजार गावी गुरांचा एक व्यापारी धरला. बाजाराचा दिवस होता. त्याच्याकडं आठ बैल होते आणि खरेदीबद्दल गावच्या पाटलाच्या चिठ्ठ्या फक्त तीन बैलांच्या. बाकीच्या चिठ्ठ्या कुठं म्हणून विचारलं तर म्हणाला, वाटेत शेळीनं खाल्ल्या. जमादारानं त्याला आणि बैलांना ठाण्याच्या मागच्या आवारात आणलं. गावोगाव निरोप गेले: ज्याचा बैल त्यानं येऊन ओळख पटवावी. पुढच्या बाजारापर्यंत ओळख पटली नाही, तर ज्याच्या हातात दावं सापडलं त्याच्याच हातात परत. मोटकरी दुसऱ्याच दिवशी आला. त्याच्या हळदीला आठवडाभर पाणी नव्हतं. एकट्या बैलाला मोट ओढवत नाही, आणि सोबती गेल्यापासून त्या दुसऱ्या बैलानं वैरणही टाकली होती.

मागच्या आवाराला पायऱ्या नव्हत्या, काट्यांचं कुंपण होतं. बायकोला कुंपणाबाहेर थांबवलं. पण कुंपणाला फटी असतात. तिनं आत बघितलं आणि ओरडली, "अवो! हाय! आपला हाय! तिसरा!"

व्यापारी उसळला. "काहून वरडून राहिली बाई? तो माझा बैल हाय. दोन वर्सं झाली माझ्या दावणीला."

आवारात टेबल टाकून अमीनसाहेब बसले होते. भारी माणूस. पान खाताना विचार करायचे आणि विचार करताना पान खायचे, त्यामुळं दोन्ही कधीच संपायचं नाही. त्यांनी मला खूण केली. "मुन्शीजी, रपट पढो."

मी पान उघडलं. ज्या मुन्शीची जीभ घोड्यासारखी पळायची, त्याची त्या दिवशी चिखलातल्या गाडीसारखी रुतली. उमर, चालीस. बैल, एक. रंग...

"सफेद," मी म्हणालो.

तिसरा बैल तांबडा होता. तांबडा म्हणजे असा की त्याच्याकडं बघून पळसानं फुलायला लाजावं. आंधळ्याशिवाय कुणालाही तो पांढरा म्हणता आला नसता. आणि आंधळ्यानं म्हटलं नव्हतं.

व्यापारी टाळी वाजवून हसला. "ऐका सरकार! ह्याचा बैल पांढरा. जा मामा, पांढरा हुडका. बाजारात लई हायत."

मोटकऱ्याचा चेहरा बदलला. "कोन म्हनलं पांढरा?"

 मी दौतीत बघत होतो. दौतीत शाईच असते, पण मी अशी बघितली की जणू तिच्या तळाशी माझा बाप उभा आहे.

अमीनसाहेब त्याला म्हणाले, "तुम्हारी रपट में लिखा है. तुम्हारा अंगूठा है."

मोटकऱ्यानं साहेबांच्या आवाजाकडं तोंड केलं. मग हात जोडून म्हणाला, "सरकार, कागदाचं मला ठावं न्हाई. बैलाचं ठावं हाय. त्याला मोकळा सोडा. कोनी हात लावू नका, कोनी हाकलू नका. माझी धाव सतरा पावलांची हाय. मी हाक दिली तर तो सतरा पावलं मागं येईल अन् थांबंल. सोळा न्हाई, अठरा न्हाई. न्हाई आला तर मी घरला जातो."

साहेबांनी पान गालात सरकवलं. गंमत त्यांनाही आवडायची. जमादारानं तांबड्याचं दावं सोडलं.

मोटकऱ्यानं मान वर केली आणि हाक दिली. ती हाक मला लिहून दाखवता येणार नाही. "ये रं माघारी, पानी वतलं, ये रं माझ्या सख्या माघारी," असे काहीसे शब्द होते. पण शब्दांपेक्षा ती ओढ. त्या हाकेनं कडुलिंबावरचे कावळेसुद्धा फांदीवर दोन पावलं मागं सरकले, असं मी पुढं कित्येक वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. कावळे उडून गेले. पण बैलानं कान टवकारले, एक लांब श्वास सोडला आणि तोंड कुंपणाकडं ठेवून मागं पाऊल टाकलं, हे खरं आहे.

जमादार मोठ्यानं मोजायला लागला. एक, दो, तीन. उजवा पाय जरासा घासत होता. पाच, छह. आठव्या पावलाला पाण्याचा रांजण लवंडला. दहाव्याला व्यापाऱ्यानं बाजूला उडी मारली. बाराव्याला मला कळलं की बैल थेट अमीनसाहेबांच्या टेबलाकडं येतोय. साहेब सरकारी माणूस, बैलासाठी उठायचं कसं? ते बसून राहिले. पंद्रह. सोलह. बैलाची शेपटी टेबलावरच्या कागदांवरून फिरली. सत्रह.

बैल थांबला. त्याच्यात आणि अमीनसाहेबांच्या पोटात दोन बोटांचं अंतर होतं.

आधी कुंपणाबाहेरची बाई हसली. मग जवान, मग जमादार, आणि शेवटी साहेबांच्या पानाचा तोबरा बाहेर आला.

व्यापारी मात्र खमका होता. "मोटंचा बैल मागं येतोच की सरकार. माझाबी मोटंचाच हाय."

"तो तुम बुलाओ," साहेब म्हणाले.

त्यानं बोलावलं. चुचकारलं, शीळ घातली, रुसून गेलेल्या लेकाला आई बोलावते तशा आर्जवानं हाक मारली. तांबड्यानं रवंथ सुरू केलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. मी ती पुष्कळदा इथंच संपवली आहे, लोक टाळ्या देतात. पण ती संपली नव्हती. व्यापाऱ्यानं डोकं खाजवलं आणि खरी गोम बोलून दाखवली. "सरकार, तुमी आज बैल बघितला. पर मामला तालुक्याला जाईल. तिथं बैल कोन बघतो? कागदच बघत्यात. कागदावर पांढरा हाय. पांढऱ्याच्या रपटंवर तांबडा दिला, तर मी वर अर्ज करीन."

अमीनसाहेबांचं हसू विझलं. बोलणं खरं होतं. बैल खरा तर कागद खोटा, आणि कागद खोटा तर ठाणं खोटं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि अगदी हळू, दार किलकिलं करून द्यावं तसं विचारलं, "मुन्शीजी, सफेद इसने ही बताया होगा ना?"

मी फक्त 'जी' म्हणायचं होतं. इतक्या लोकांकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलेला शब्द. मी म्हटला असता तर माझा बोरू वाचला असता, ठाण्याची अब्रू वाचली असती. आंधळा चुकला, असं सगळ्यांना पटलंही असतं. त्यात कुणाला नवल वाटलं नसतं. फक्त बैल व्यापाऱ्याबरोबर गेला असता आणि कयाधूच्या काठाला एक मोट वाळून कडक झाली असती.

मोटकरी माझ्या दिशेनं वळला. मी बोरू टेबलावर आपटत होतो, तो आवाज धरून वळला. रागावला नव्हता. खरंच विचारायचं म्हणून विचारलं, "दादा, तुमी मला रंग इचारला व्हता का? माझ्याकडून ऐकायचं ऱ्हायलं का?"

त्यानं आपल्याच कानावर शंका घेतली, हे मला सोसलं नाही. आयुष्यात मी खरं बोलल्याचे प्रसंग मोजायला बसलो तर एका हाताचीही बोटं उरतील. त्यातला हा एक.

"नाही विचारला," मी म्हणालो. "मी मनानं लिहिलं. खाना रिकामा होता."



अमीनसाहेबांनी बराच वेळ पान चघळलं. मग म्हणाले, "ऐसी और कितनी रपटें?"

आयुष्यभर आकडे फुगवत आलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा आकडा कमी करून सांगितला. तरी तो ऐकून जमादारानं तोंडावर हात ठेवला.

माझी शिक्षा साहेबांनी तिथंच ठरवली. आजचा कागद पुरा करायचा आणि मग शिमग्यापर्यंत बोरूला हात लावायचा नाही. लाठी घेऊन पायऱ्यांच्या तळाशी उभं राहायचं. सारा हिवाळा मी तिथं काढला. वर बसून जे दिसत नाही ते खालून फार दिसतं. कोण तिसऱ्या पायरीवरून फिरतो, कोणती बाई कडुलिंबाखाली बसून सगळी हकिकत झाडाला सांगते, कुणाचे हात बोलतात आणि जीभ बोलत नाही. मी त्यांना खालीच विचारायला लागलो आणि वर जाऊन नव्या मुन्शीला सांगायला लागलो. जमादार म्हणायचा, ह्याला पहारा दिला का वकिली? पुढं बोरू परत मिळाल्यावर मी अमीनसाहेबांच्या मागं लागून आठवड्यातून एक दिवस टेबल खाली कडुलिंबाजवळ आणायला लावलं. सगळं सुधारलं असं म्हणणार नाही. टेबल खाली आलं त्या दिवशी रपटा तिप्पट झाल्या, आणि गुन्हे वाढले म्हणून वरून विचारणा आली. अठ्ठेचाळीस साली राज्य बदललं. कागदांची भाषा हळूहळू बदलत गेली, खाने मात्र तेच राहिले.

पण त्या दिवशीचा कागद अजून व्हायचा होता. रोजनाम्यात खाडाखोड चालत नव्हती. म्हणून वेगळ्या कागदावर मी माझा जबाब लिहायचा, त्यावर मोटकऱ्याचा अंगठा, आणि दोन्ही कागद जोडून तालुक्याला. मी लिहायला बसलो. झरझर लिहिलं, कारण शरमेला हात फार चालतो. लिहून झाल्यावर सवयीनं म्हणालो, "बराबर?"

"वाचा," मोटकरी म्हणाला.

मी सुरुवात केली.

"असं न्हाई. मला समजंल असं वाचा."

मग मी मराठीतून वाचलं. एकेक ओळ. माझंच लिहिलेलं मला मराठीत सांगताना अडखळायला होत होतं. वाचता वाचता त्या ओळीवर आलो: 'फिर्यादी अंध असल्यामुळे त्यास रंग सांगता येणार नाही, सबब मी...'

"थांबा," तो म्हणाला. "ते काढा."

"काय काढू, मामा?"

"मला रंग सांगता येत न्हाई असं कोन म्हनलं? माझा बैल तांबडा हाय. इकत घेतला त्या दिवशी ही म्हनली, पळसावानी हाय. वीस वर्सं मी त्याच मळ्यात ऱ्हातो. आमच्याकडं येनारं जानारं पोरगंबी म्हनतं, मामाचा तांबडा. मला ठावं न्हाई व्हय?"

"ठावं आहे, मामा. पण मी विचारलं नाही, त्याचं कारण म्हणून..."

"कारन तुमचं हाय. माझ्या डोळ्यावर काहून ढकलून राहिले?"

त्यानं हे जरासुद्धा आवाज न चढवता म्हटलं. मी अमीनसाहेबांकडं बघितलं. वाटलं, ते म्हणतील, चलेगा, अंगूठा ले लो. त्यांनी खणातून कोरा कागद काढून माझ्यापुढं टाकला.

दुसऱ्यांदा मी हळू लिहिलं. मी फिर्याद्यास रंग विचारला नाही. विचारला असता तर तांबडा असे त्याने सांगितले असते. मग शिंगाचा खड्डा लिहिला, कानाची खाच, खांद्याचा घट्टा, घासणारा पाय, सतरा पावलं. कोऱ्या कागदाला खाने नव्हते, सगळं मावलं. श्वास कसा सोडतो तेही विचारलं. तो म्हणाला, तो शेवटी जरा अडकतो, म्हातारा मानूस उठताना अडकतो तसा. तेही लिहिलं. तालुक्याच्या हाकिमानं ते वाचून काय केलं असेल, देव जाणे.

"साक्षीदार?" साहेबांनी विचारलं.

"हिला घ्या," मोटकरी म्हणाला. "माझं समदं बघायचं काम हीच करती. पहिल्या दिवशी तुमी तिला खाली बसवली."

जवानानं कुंपणाचा काटा बाजूला केला. बाई आत आली ती आधी बैलाकडं गेली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग टेबलाशी आली. मी पुन्हा सगळं मराठीतून वाचलं. ह्या वेळी ती दोघं एकदमच म्हणाली, "बराबर."

अंगठा उठवण्याआधी मोटकऱ्यानं विचारलं, "तांबडा कुठं लिवलं?"

मी त्याचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. शाई ओली होती हे मला ठाऊक होतं. म्हणायला हवं होतं, पण म्हणालो नाही. त्यानं बोट शब्दावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, दाव्याचं टोक तपासावं तसं. शब्द सगळा फरफटला. कागदावर एक लांबट काळा डाग उरला.

जमादार म्हणाला, "अरे अरे, खराब केला ना कागद!"

अमीनसाहेबांनी कागद उचलला, उन्हात धरला आणि फुंकर घालून वाळवायला लागले. तोवर बाईनं तांबड्याच्या गळ्यात दावं अडकवलं होतं आणि मोटकरी विचारत होता की आत्ता निघालं तर उन्हं उतरायच्या आत हळदीला चार मोटा पाणी देता येईल का.